श्रमप्रतिष्ठा की श्रमाचा भाव?

अमेरिकेहून सुट्टीवर आलेला मराठी माणूस भारतात हमखास एक भाषण देतो. "तिकडे बघा! मोठमोठे मॅनेजर शनिवारी स्वतःच्या घराला रंग देतात, गवत कापतात, नळ दुरुस्त करतात. याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा! आपल्याकडे भिंतीत खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावतात." ऐकणारे काका-मामा गंभीरपणे मान डोलावतात आणि चहाचा रिकामा कप तिथेच ठेवून उठतात.

मी पेशाने इंजिनिअर. अमेरिकेत बरीच वर्षं राहतोय. गॅरेजमध्ये ड्रिल, करवती, पाने, पक्कडी असा बऱ्यापैकी संसार आहे आणि शनिवार-रविवार त्यात रमतोही. तरी हे भाषण मला पूर्ण पटत नाही. अमेरिकन माणूस स्वभावानेच कष्टाळू आणि आपण स्वभावानेच आळशी, असं काही नसतं. सुतार-गवंड्यांनी जे काम वर्षानुवर्षं उमेदवारी करून शिकायचं, ते कुठल्याही नवख्या हाताला जमावं म्हणून इथे लाकूड, खिळा, स्क्रू, भिंत, रंग, ड्रिल या एकेका वस्तूची रचना बदलत गेली. हे घडायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. आणि घडलं त्याचं मुख्य कारण म्हणजे इथे कारागीर मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. "डू इट युवरसेल्फ", म्हणजे "तुमचं तुम्हीच करा", या प्रकाराचा हा इतिहास मोठा मजेशीर आहे.

सुरुवात लाकडापासून करू. जुन्या युरोपियन पद्धतीचं लाकडी घर म्हणजे जाडजूड तुळयांचा सांगाडा. एका तुळईच्या टोकाला जीभ काढायची, दुसरीत नेमकं तिच्या मापाचं भोक पाडायचं, दोन्ही जुळवून आत लाकडी खुंटी ठोकायची. आपल्या वाड्यांची लाकडी कामं ज्यांनी जवळून बघितली असतील त्यांना हे लगेच समजेल. असा सांधा काढणं हे मुरलेल्या सुताराचं काम. पण १८३० च्या दशकात शिकागो नावाचं गाव चिखलातून भराभर वर येत होतं. लोकांचे लोंढे येत होते आणि सुतार मोजकेच होते. त्याच सुमारास यंत्रावर कापलेले खिळे स्वस्त झाले होते आणि गिरण्यांतून एकसारख्या मापाच्या फळ्या निघू लागल्या होत्या. मग तिथे जाड तुळयांऐवजी पातळ वासे जवळजवळ उभे करून नुसत्या खिळ्यांनी जोडायची पद्धत रूढ झाली. जुन्या सुतारांना हे घर फुग्यासारखं हलकं, आता उडून जाईल असं वाटलं म्हणे, आणि "बलून फ्रेम" हे नाव त्यातूनच पडलं असं सांगतात.

घरं काही उडाली नाहीत. उलट सगळा देश त्याच पद्धतीने बांधला गेला. आजही इथलं बहुतेक घर याच घराण्यातलं, थोडं सुधारलेलं असतं. आता यातली गंमत बघा. घराच्या सांध्यातली कारागिरी निघून गेली. ज्याला करवत सरळ चालवता येते आणि हातोडी बोटावर न मारता खिळ्यावर मारता येते, तो माणूस घर बांधू शकतो. सुताराचं कसब सुताराच्या हातातून निघून लाकडाच्या गिरणीत आणि खिळ्याच्या कारखान्यात गेलं.

पुढचं पाऊल म्हणजे मापांचं प्रमाणीकरण. इथे लाकडाच्या दुकानात "टू बाय फोर" मागितला की मिळतो तो वासा प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतो! नव्या माणसाला ही फसवणूक वाटते, पण लाकूड वाळवून रंधून गुळगुळीत केल्यावर उरणारं हे माप ठरलेलं आहे आणि देशभर तेच असतं. हे वासे भिंतीत बहुधा सोळा सोळा इंचांवर उभे करतात. प्लायवूडचा किंवा जिप्समचा तक्ता मिळतो चार फूट बाय आठ फूट. चार फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे सोळाच्या तीन पट. आठ फूट म्हणजे ९६ इंच, सोळाच्या सहा पट. त्यामुळे तक्ता उभा लावा की आडवा, त्याची कड बरोबर वाशावर येते आणि खिळा लाकडात बसतो. हिशोब आधीच कुणीतरी करून ठेवलेला आहे. तुम्ही फक्त तक्ता उचलायचा.

या विचाराचं टोक म्हणजे टपालाने मागवलेलं घर. मिशिगनमधल्या अलादीन कंपनीने १९०६ मध्ये असा धंदा सुरू केला. लाकडात गाठ सापडली तर गाठीमागे एक डॉलर देऊ, अशी तिची जाहिरात होती. १९०८ मध्ये सीअर्स रोबक या प्रसिद्ध कंपनीने घरांचा कॅटलॉगच काढला. सूया, शिवणयंत्रं, सायकली ज्या पद्धतीने मागवायच्या त्याच पद्धतीने घर मागवायचं. पुढे पुढे मापात कापलेलं लाकूड, खिडक्या, दारं, खिळे, रंग, सगळं मिळून सुमारे तीस हजार नग रेल्वेच्या डब्यातून तुमच्या स्टेशनवर येत. सोबत सूचनांचं पुस्तक. सरासरी अकलेच्या माणसाला हे घर बांधता येईल, असा कंपनीचा दावा. कित्येकांनी शेजारी-पाजारी, मेहुणे-भाऊ जमवून घरं खरोखर उभी केली, कित्येकांनी गावातला सुतार लावला. १९४० पर्यंत अशी सत्तर हजारांच्या वर घरं विकली गेली असा अंदाज आहे. आजही अशी घरं उभी आहेत आणि हौशी लोक ती शोधत हिंडतात.

या गोष्टीला एक कडू बाजूही आहे. सीअर्स घरासाठी कर्जही देत असे. १९३० च्या दशकात महामंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले. ज्यांनी त्या कंपनीचं घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, त्यांची घरं त्याच कंपनीला जप्त करावी लागली. १९४० मध्ये तो कॅटलॉग बंद झाला. काटकसर, कष्ट, हातातलं कसब सगळं असूनही नोकरी गेली की घर जातं, हे त्या पिढीने बघितलं.

आता हत्यारांकडे वळू. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० मध्ये बाल्टिमोरला छोटं वर्कशॉप काढलं. भांडवल उभं करायला ब्लॅकने आपली मोटार विकली. तोवर विजेचं ड्रिल हे जड धूड होतं, दोन्ही हातांनी धरायचं आणि स्विच भलतीकडे. या दोघांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा असलेलं ड्रिल बनवलं. पेटंट मिळालं १९१७ मध्ये. एका हाताने धरा, बोट दाबा, भोक पडलं. आपल्या सुताराचं गिरमिट आठवा. ते सरळ रेषेत फिरवायला मनगट तयार व्हावं लागतं. इथे ते मनगट यंत्रात बसवलं.

पण हे ड्रिल कारखान्यासाठी होतं, घरासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत अशी ड्रिलं हजारोंनी लागली. ती चालवणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. कारखान्यांतून ड्रिलं गायब होऊ लागली, कामगार ती घरकामासाठी घरी नेतात असं कळलं, आणि मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला की घरातही गिऱ्हाईक आहे, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा कितपत खरा ते सोडून देऊ, पण १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकरने घरगुती वापराचं पाव इंची ड्रिल बाजारात आणलं, किंमत १६ डॉलर ९५ सेंट. कारखान्यातल्या कामगाराची सरासरी मजुरी तेव्हा ताशी एक डॉलरच्या जरा वर होती. म्हणजे साधारण दोन दिवसांच्या पगारात ड्रिल! हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. हत्यार दोन दिवसांच्या पगारात येतं आणि कारागिराचा एक दिवस म्हणजे तुमचाही जवळजवळ एक दिवस, अशी परिस्थिती असली की माणूस आपोआप हत्यार विकत घेतो. त्यासाठी कुणी श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान द्यावं लागत नाही.

स्क्रूचंही तसंच. जुन्या स्क्रूला एक सरळ खाच. पेचकस घसरला की लाकडावर ओरखडा आणि हाताला जखम. ओरेगनच्या हेन्री फिलिप्सने १९३० च्या दशकात अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू बाजारात आणला. टोक आपोआप मध्यभागी बसतं. मोटारींच्या कारखान्यात काम झटपट व्हावं म्हणून तो वापरात आला आणि तिथून आपल्या सगळ्यांच्या घरात पोहोचला. रंगाचा रोलर १९४० च्या आसपासचा. १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने पाण्यात मिसळणारा लॅटेक्स रंग काढला. त्याआधी तेलरंग, टर्पेंटाईन, डोकं चढवणारा वास. आता ब्रश नळाखाली धुता येऊ लागला. जिप्समच्या तक्त्यांनी गिलाव्याची कला मोडीत काढली. एकेक करत रंगारी, गवंडी, सुतार यांची हातोटी डब्यात, तक्त्यात आणि स्क्रूच्या डोक्यात बंद झाली.

हत्यारं आली, पण ठोकायला स्वतःची भिंत हवी ना? ती दिली सरकारने. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारची हमी मिळाली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे १९४७ पासून लेव्हिट अँड सन्स कंपनीने एकसारख्या घरांची वसाहतच उभी केली. १९५१ पर्यंत सतरा हजारांहून अधिक घरं! सुरुवातीच्या घरांत झोपायच्या खोल्या दोनच. मात्र छपराखालचा पोटमाळा मुद्दाम अर्धवट ठेवलेला. पोरं झाली की बापाने शनिवार-रविवारी तिथे तक्ते ठोकून खोल्या काढायच्या. लाखो अमेरिकनांनी हत्यार पहिल्यांदा हातात घेतलं ते अशा पोटमाळ्यांत आणि तळघरांत. १९५४ च्या ऑगस्टमध्ये टाइम साप्ताहिकाने या लाटेवर मुखपृष्ठ काढलं. त्यावर एक मध्यमवर्गीय गृहस्थ, आणि त्याला आपल्या देवीसारखे अनेक हात, प्रत्येक हातात वेगळं हत्यार!

पण या चित्रात कोण नव्हतं तेही सांगायला हवं. लेव्हिटटाऊनच्या सुरुवातीच्या करारात एक कलम होतं: गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कुणाला, घरगडी वगळता, या घरात राहू द्यायचं नाही. असली कलमं न्यायालयं अंमलात आणू शकत नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. कलम कागदावरून गेलं, व्यवहारात मात्र काळ्या माणसाला घर न विकणं चालूच राहिलं. घर विकताना भेदभाव करायला बंदी करणारा देशव्यापी कायदा यायला १९६८ उजाडलं. तोच काळा सैनिक, त्याच युद्धावरून आलेला, कदाचित जास्त चांगला सुतार. पण त्याच्या घामाचं घरात रूपांतर होणार नव्हतं. गोऱ्या माणसाने पोटमाळ्यावर ठोकलेल्या प्रत्येक तक्त्याने त्याच्या घराची किंमत वाढली, ते घर पुढे मुलांना मिळालं, त्यावर मुलांची कॉलेजं झाली. स्वतःचं काम स्वतः करण्याचा फायदा मिळायला आधी काहीतरी स्वतःचं असावं लागतं. श्रमप्रतिष्ठेच्या भाषणात हा मुद्दा कधीच येत नाही.

पुढची गोष्ट दुकानांची. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना १९७८ मध्ये नोकरीवरून काढलं. त्यांनी होम डेपो कंपनी काढली आणि १९७९ मध्ये अटलांटात पहिली दोन दुकानं उघडली. गोदामाएवढं दुकान, छतापर्यंत माल. सुरुवातीला माल कमी होता म्हणून वरच्या फळ्यांवर रिकामी खोकी रचली होती! त्यांची खरी युक्ती अशी की दुकानातला माणूस तुम्हाला काम कसं करायचं ते शिकवणार. त्याच वर्षी बॉस्टनच्या सार्वजनिक दूरदर्शन केंद्राने "धिस ओल्ड हाऊस" ही जुनी घरं दुरुस्त करायची मालिका सुरू केली. आता यूट्यूब आहे. जे ज्ञान एके काळी सुतार बापाकडून मुलाकडे जायचं, ते आता फुकट आणि कुणालाही मिळतं.

होम डेपोच्या पार्किंगमध्ये मात्र पहाटे गेलात तर आणखी एक गोष्ट दिसते, विशेषतः कॅलिफोर्नियात. काही माणसं घोळक्याने उभी असतात, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. पिकअप ट्रक थांबतो, दोन बोटं वर होतात, दोघं मागे चढतात. मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, आपल्याकडे याला नाका म्हणतात. जिथे "तुमचं तुम्हीच करा"चं साहित्य मिळतं, त्याच दारात दुसऱ्याकडून स्वस्तात करून घ्यायची सोय उभी असते. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या अशाच पार्किंगमधून इमिग्रेशन खात्याने मजुरांना पकडून नेलं. अमेरिकन माणूससुद्धा स्वस्त हात मिळाले की ड्रिल खाली ठेवतो!

आता थोडा घरचा हिशोब. माझ्या घरचा नळ गळायला लागला तर आतला वॉशर काही सेंटचा असतो. पण प्लंबर नुसता दारात आला की शंभर डॉलरच्या पुढे बिल. कर कापून मी तासाला जे घरी आणतो त्यापेक्षा प्लंबरचं तासाचं बिल जास्त. शिवाय त्याला द्यायचे शंभर डॉलर मला आधी कर भरून कमवावे लागतात, पण मी स्वतःच्या नळावर केलेल्या कामावर कुणी कर लावत नाही. म्हणजे दुप्पट वेळ लागला तरी मी फायद्यात. पुण्यातल्या माझ्या मित्राचं गणित बरोबर उलटं. त्याच्या एका तासाच्या पगारात प्लंबर येऊन, नळ बदलून, चहा पिऊन जातो. तो प्लंबर बोलावतो आणि मी पाना उचलतो. दोघंही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतोय. यात माझी नीतिमत्ता वरची असं मला काही दिसत नाही.

घरं बांधायची पद्धतही आड येते. इथल्या भिंतीत स्क्रू हाताने फिरवूनही जातो. आपल्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खिळा ठोकला की एकतर खिळा वाकतो किंवा गिलाव्याचा पोपडा निघतो. तिथे हॅमर ड्रिल आणि रबरी नाही तर प्लॅस्टिकचा गट्टू लागतो. सुताराला बोलावण्यामागे आळस थोडा आणि भिंत जास्त आहे. शिवाय आपल्याकडे हत्यारं जातीला चिकटलेली. बलुतेदारीत रंधा-पटाशी सुताराच्या घरी, भाता लोहाराच्या घरी. बाकीच्यांनी हात लावायचा नाही आणि त्यांनी ते सोडायचं नाही. हे ओझं मात्र खरं आहे, आणि श्रमप्रतिष्ठेचं भाषण द्यायचंच असेल तर ते इथे द्यावं.

काटकसरीचंही एक सांगून टाकतो. पैसे वाचवायला म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आता स्वतःच एक मोठा खर्च होऊन बसली आहे. इथे गॅरेजांमधून अशी हत्यारं पडून असतात की ज्यांचं खोकं एकदाच उघडलं गेलं. यावर शहाणा उपाय जुनाच आहे: हत्यारांचं वाचनालय. मिशिगनमधल्या ग्रोस पॉइंटच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९४३ पासून, आणि कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ग्रंथालयात १९७९ पासून, पुस्तकांसारखी हत्यारं घरी न्यायला मिळतात. शिडी, ड्रिल, मोठी करवत न्या, काम करा, परत आणा. आपल्या सोसायट्यांत शंभर फ्लॅट असतात आणि एक शिडी कुणाकडे तरी असते. एक हॅमर ड्रिल, एक शिडी, पान्यांचा एक संच सोसायटीच्या ऑफिसात वहीवर नोंद करून ठेवला तर किती घरांचं भागेल! अमेरिकेची नक्कल करायचीच असेल तर मी गॅरेजची करणार नाही, या ग्रंथालयाची करेन.

भारतातही आता कारागिराचा भाव वाढतोय. शहरांत चांगला सुतार, चांगला इलेक्ट्रिशियन वेळेवर मिळत नाही अशी तक्रार दर सुट्टीत ऐकतो. तक्रार करणाऱ्यांना मी सांगतो की ही आनंदाची बातमी आहे. याचा अर्थ सुताराच्या मुलाला दुसरे रस्ते मिळायला लागले. हळूहळू आपणही ड्रिल घेऊ, यूट्यूब बघू आणि शनिवारी भिंतीशी झटापट करू. त्या दिवशी कृपया कुणी आपल्याला श्रमप्रतिष्ठा कळली असं म्हणू नये. तोवर ज्याला खरंच श्रमाला मान द्यायचा आहे, त्याने सुताराने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत, त्याला ग्लासभर पाणी विचारावं, आणि तो काम करताना शेजारी उभं राहून नीट बघावं. शिकायला मिळतं, आणि फुकट!